गल्ला, चिंचोके आणि एक वही

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, दोन शिक्षकी. गाव बोरी नदीच्या काठचं, तालुका अमळनेर. माझ्याकडे तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, मुलं १९. गणिताच्या पुस्तकात नाणी-नोटांचा धडा आहे, पण तो बेरीज-वजाबाकीपाशी थांबतो. पैशांच्या व्यवहाराची जी तयार कार्यपुस्तिका मला मिळाली ती सहावीपासूनची आहे. म्हणून वर्षभर स्वतःच करून बघायचं आणि जमेल तशी नोंद ठेवायची, असं ठरवलं.

१ जुलै २०२४, सोमवार

सुरुवात एका प्रश्नाने केली: घरात पैसे कुठून येतात? उत्तरं फळ्यावर जशीच्या तशी लिहून घेतली. कापसातून. दुधातून. सुरतच्या काकाकडून. फोनमधून. एटीएममधून. "खात्यावर येतात" असं सात जणांनी सांगितलं. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म आजपासूनच भरायला लागले आहेत, निम्म्या मुलांच्या आया सकाळपासून कागदपत्रं गोळा करत फिरताहेत, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात खातंच होतं. पण खात्यात कोण टाकतं, त्याच्याकडे कुठून येतात, हे कोणालाच सांगता आलं नाही.

मग विचारलं, कुठे जातात? इथे मात्र हात खाली येईनात. बियाणं, खत, फवारणी, दवाखाना, रिचार्ज, मोतीमाय देवीची पूजा, लग्नाचा आहेर, गटाचा हप्ता. यादी फळा भरून खाली उतरली. येण्याचे रस्ते मोजके आणि जाण्याचे इतके, हे मुलांना आधीच माहीत आहे. शिकवायचं काय ते मला नीट ठरवावं लागेल.

४ जुलै, गुरुवार

खऱ्या नोटा वर्गात आणल्या. २० रुपयांच्या नोटेमागे वेरूळचं लेणं आहे. चाळीसगाव सोडून घाट चढला की वेरूळ किती जवळ, हे सांगितल्यावर नोट हातोहात फिरली. मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे, पंधरा भाषा. त्यातली मराठी शोधा म्हटलं. देवनागरीतल्या ओळी एकाहून जास्त, त्यामुळे चांगला वाद झाला. वरून आठवी ओळ मराठीची.

नंतर डोळे मिटून ५०० आणि १०० ओळखायला लावलं. ५००च्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच उंचवटलेल्या तिरप्या रेघा असतात, १००च्या नोटेला चार. नोट कोरी असेल तर बोटाला लगेच लागतात, वापरून मऊ झालेल्या नोटेवर अवघड जातं. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "आजीला दाखवतो, तिला दिसत नाही." दुसऱ्या दिवशी सांगत आला की आजीला पाच रेघा लागल्या. या वर्षात बाकी काही जमलं नाही तरी ही एक गोष्ट उपयोगाची झाली, असं त्या दिवशी वाटलं.

१३ जुलै, शनिवार

कुंभाराकडून १९ मातीचे गल्ले आणले, १५ रुपयांना एक. मुलांनी गेरू आणि चुन्याने रंगवले. नियम एकच सांगितला: यात टाकलेले पैसे तुमचे. दिवाळीआधी फोडायचे नाहीत. भिंतीवर तक्ता लावला, दर शनिवारी ज्याने जितके टाकले तितके तो लिहील.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाईचे रोट होते, खान्देशातला श्रावणातला सण. घरोघरी पाहुणे आले होते, सुरतेहून, नाशिकहून. जाताना मुलांच्या हातावर दहा-वीस ठेवून गेले. आज तक्त्यावर एकदम मोठे आकडे दिसले. सगळ्यात मोठा आकडा चौथीतल्या एका मुलीचा, १८४. ती मुलगी फार बोलत नाही. आज तिने तक्त्यावरचा स्वतःचा आकडा रंगीत खडूने गिरवला.

२९ ऑगस्ट, गुरुवार

ती मुलगी सकाळी परिपाठाला रांगेत उभी राहिली नाही. वर्गात येऊन माझ्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, बापनी गल्ला फोडी टाका. फवारानं औषध लेवाले."

मला काय बोलावं सुचेना. "यात टाकलेले पैसे तुमचे" हे वाक्य मीच म्हटलं होतं. ज्या घरात आईची पोतसुद्धा गरज पडली की गहाण पडते, त्या घरात मुलीचा गल्ला वेगळा राहील असं मी गृहीत धरलं होतं.

वर्गात विचारलं, आणखी कोणाचे फुटले? हळूहळू हात वर आले. तिच्यासह सहा. एकाचे आजोबांच्या औषधाला, दोघांचे खताला, एकाचे भावाच्या परीक्षेच्या फॉर्मला, एकाचे कशाला गेले ते त्याने सांगितलं नाही. तेही खाली मान घालून सांगत होते, जणू चूक त्यांची. हे मला फार लागलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते, मला बघून उभे राहिले आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, कपाशीवर मावा-तुडतुडे पडले. दुकानदार आता उधार देत नाही. दोनशे रुपये कमी पडत होते." मी म्हटलं, "दादा, मी भांडायला आले नाही. पैसे घरच्याच कामाला गेले. फक्त तिला सांगून, लिहून घेतले असते तर ती रडली नसती."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलगी दारातून बघत होती. मग तिलाच म्हणाले, "कापूस निंघना का दिसू परत." म्हणजे कापूस निघाला की परत देईन. मी मुलीला आत जाऊन वही आणायला सांगितली. तिने लिहिलं: २८ ऑगस्ट, बाबांना उसने दिले, १८४, फवारणीचं औषध. वडिलांनी खाली सही केली. अक्षरं जोडायला त्यांना वेळ लागला, पण पूर्ण नाव लिहिलं.

घरी येऊन ठरवलं: गल्ला राहू दे, पण मुख्य गोष्ट वही. घरातली नड खरी आहे आणि ती मुलाच्या पैशांपर्यंत पोचणारच. पण घेतलेलं लिहिलं गेलं तर ते उसने होतं, आणि उसने परत मागता येतात. वहीत पाच रकाने: तारीख, कुठून आले, कुठे गेले, उसने दिले, हातात राहिले. गल्ले फुटलेल्या बाकी पाचही जणांना घरून लिहून आणायला सांगायचं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आठवडे बाजारात नेलं. काम दिलं: गरजेच्या दहा वस्तू, हौसेच्या दहा. याद्या परत आल्या तेव्हा मला वाटलं होतं तशी सोपी फोड नव्हती. रिचार्ज सगळ्यांच्या गरजेत. रिबिनी एकीच्या गरजेत, कारण "शाळेत दोन वेण्या लागतात". देवाचं तेल आणि नारळ गरजेत. एका मुलाने शेव हौसेत लिहिली, दुसऱ्याने गरजेत, कारण त्यांच्याकडे पाहुणा आला की शेवभाजीच होते. मी कोणाची यादी खोडली नाही. प्रत्येकाला कारण मात्र सांगायला लावलं.

पुड्यावरचं निव्वळ वजन आणि छापील किंमत वाचायला शिकवलं. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्याहून जास्त घेता येत नाही, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिसरीतली दोघं तक्रार घेऊन आली: गावातल्या एका दुकानात थंड बाटलीला छापील किमतीपेक्षा २ रुपये जास्त घेतात, विचारलं तर "थंड करायचे" म्हणतात, आणि वर ओरडतात. मी स्वतः जाऊन शांतपणे बोलले. सध्या तरी मुलांकडून घेणं बंद आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

आजचा तास मी घेतलाच नाही, एका मुलाने घेतला. त्याचे वडील सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात काम करतात. खान्देशात साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं, हे सगळ्यांना माहीत, पण त्यातला हिशेब कोणी वर्गात मांडला नव्हता. मी आकडे मनाने घेतले, कोणाच्या घरचे नकोत म्हणून: साल ९६ हजार. आखाजीला उचल ३० हजार.

तो मुलगा फळ्यापाशी उभा राहून बोलत होता. "उचल म्हणजे आधीच घेतलेले. ते खर्च होऊन जातात, लग्नाला नाही तर घराच्या पत्र्यांना. मग राहिलेले महिन्याला थोडे थोडे." बाकीच्यांनी वजाबाकी केली, ६६ हजार. बारा महिन्यांनी भागलं, महिन्याला साडेपाच हजार. मी विचारलं, उचल घेतली नसती तर? आठ हजार, असं आवाज न करता बोटांवर मोजून एका मुलीने सांगितलं. त्यावर तो मुलगा म्हणाला, "पण मॅडम, उचल घेतली नसती तर पत्रे नसते." यावर मी काही भर घातली नाही. दोन्ही आकडे फळ्यावर राहू दिले.

भागाकाराचा एवढा जिवंत तास माझ्या आठवणीत नाही. तो मुलगा एरवी गणितात मागे पडतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली तरी पट भरत नाही. कापसाची वेचणी चालू आहे. रविवारी मुलं आयांबरोबर वावरात जातात, किलोला दहा रुपयांप्रमाणे आईच्याच वजनात त्यांचा कापूस धरला जातो. हे दरवर्षीचं आहे. पण या वेळी तिसरीतला एक मुलगा गुरुवारी-शुक्रवारीही आला नाही. विचारलं तर म्हणाला, "तक्त्यात मागे पडलो होतो."

मधल्या सुट्टीत मी भिंतीवरचा तक्ता काढला. कोणी किती साठवले ही तुलना मीच लावली होती आणि तिने एका मुलाला दोन दिवस वर्गाबाहेर नेलं. कोणाच्या घरी पाहुणे जास्त येतात, कोणाचं कोणी सुरतेला आहे, यावर त्या तक्त्यातले आकडे ठरत होते. मुलाची त्यात काही कमाई नव्हती. यापुढे वही ज्याची त्याच्यापाशी. मी रकाने नीट भरलेत का एवढंच बघेन. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. मुलाच्या आईलाही भेटले आणि शाळेच्या दिवशी वेचणीला न्यायचं नाही असं हात जोडून सांगितलं. ती "हो" म्हणाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

फोनमधले पैसे. मोबाइलवरून पैसे देताना मुलांना फक्त आवाज ऐकू येतो, काही कमी होताना दिसत नाही. म्हणून प्रत्येक जोडीला वीस चिंचोके दिले. एक चिंचोका म्हणजे दहा रुपये. एक मूल दुकानदार, दुसरं गिऱ्हाईक. पुठ्ठ्याचा चौकोन म्हणजे स्कॅनर. "टिंग" म्हटलं की चिंचोके दुकानदाराच्या डब्यात टाकायचे. चौथ्या-पाचव्या टिंगला गिऱ्हाइकाची मूठ रिकामी व्हायला लागली तशी मुलं आपोआप विचार करायला लागली, घेऊ का नको.

पाच मुलांना आईचा पिन पाठ आहे. एकीने तर तो मोठ्याने सांगायला सुरुवात केली, तिला थांबवलं. मग एकच गोष्ट पाच वेळा म्हणवून घेतली: पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना पिन लागत नाही. कोणी फोन करून "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा. हे घरी सांगायचा गृहपाठ दिला. त्या आठवड्यात तीन आया मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या की बरं झालं सांगितलं.

याच दिवशी शाळा सुटताना त्या मुलीचे वडील फाटकापाशी आले. व्यापाऱ्याने कापसाचे अर्धे पैसे दिलेत, अर्धे बाकी. त्यांनी तिच्या हातात शंभराची नोट दिली. तिने डोळे मिटून कडेच्या रेघा चाचपल्या, मग वही काढून लिहिलं: परत आले १००, बाकी ८४.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंच्या जयंतीला गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष ताईंना बोलावलं. त्यांनी गटाचं पुस्तक उघडून दाखवलं: महिन्याला शंभर रुपये, कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. हजाराला वीस. एका मुलाने विचारलं, ते वीस कोणाचे? "आमचेच, गटाचे," ताई म्हणाल्या. सावकाराचे शेकडा पाच कोणाकडे जातात, हे मग कोणी विचारायची गरज उरली नाही.

पोस्टाचे डाक सेवक दादाही आले होते. सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने पालकांनी काढायचं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये, पंधरा वर्षं भरायचे, खातं काढल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढू शकतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. चौथीतली चार मुलं दहाची झाली आहेत. पण पाचशे एकाही वहीत नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

आनंद मेळावा. दरवर्षी होतो, खाऊचे स्टॉल लागतात, सगळे कौतुक करतात आणि मुलं "खूप नफा झाला" म्हणून घरी जातात. खर्च आईने केलेला असतो, तो कोणी धरत नाही. या वेळी नियम होता: आधी खर्च लिहायचा, मग नफा.

बोरं, चिंचा, मठाची उसळ, लिंबू सरबत. चौथीतल्या दोन मुलींनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. वांगी काटक्यांवर भाजली होती, त्याचा धुराचा वास मैदानभर होता. वीस रुपयांना ताट. ३१ ताटं गेली, ६२० रुपये.

दुपारी हिशेब. तेल, दाणे, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, पत्रावळ्या मिळून २१०. पीठ ६०. वांगी घरच्या वावरातली, चार किलो. इथे वाद पेटला. एकजण म्हणे घरची आहेत, पैसे कशाला धरायचे. दुसरा म्हणे बाजारात विकली असती तर ३० रुपये किलोने १२० आले असते, ते गेले ना. हात वर करून ठरवलं, धरायचे. एकूण खर्च ३९०, उरले २३०.

दोघीही खूश होत्या. मग त्यातल्या एकीने हळूच विचारलं, "मॅडम, मायची मजुरी?" आई पहाटे पाचला उठून वांगी भाजत होती, नऊपर्यंत भाकरी थापत होती. वावरात गेली असती तर अर्धा दिवस भरला असता. बाईमाणसाचा रोज २५० धरला, अर्धे १२५. उरले १०५. दोघींत वाटले तर साडेबावन्न. बावन्न-बावन्न घेतले, एक रुपया शिल्लक राहिला. त्याचं काय करायचं यावर अजून ठरलेलं नाही, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

संध्याकाळी मजुरी विचारणारी ती मुलगी १२५ रुपये घेऊन घरी गेली. सोमवारी मी विचारलं, माय काय म्हणाली? "काही नाही बोलली. पदराला बांधले."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अमळनेरला १९४५ साली निघालेल्या वनस्पती तेलाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी जुने शेअर जपून ठेवले त्यांचं भलं झालं, ही गोष्ट तालुक्यात सगळे सांगतात. सरांच्या आग्रहावरून मुलांना सांगितली. मुलांनी लगेच विचारलं, आता कोणता कारखाना निघणार? गोष्ट खरी आहे, पण मुलांना ती लॉटरीसारखी ऐकू आली. या वयाला पुन्हा सांगणार नाही. महिन्याला दहा रुपये टाकले तर वर्षाला किती, हे त्यापेक्षा कामाचं.

१ मे, गुरुवार

काल आखाजी झाली, आज ध्वजवंदन आणि निकाल. झाडांना झोके अजून बांधलेले आहेत. चौथीची मुलं जून महिन्यात तालुक्याला किंवा शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातील. जाण्याआधी सगळ्यांच्या वह्या शेवटच्या एकदा बघितल्या. मार्चमध्ये एकजण गाव सोडून गेला, उरलेल्या १८ पैकी १४ जणांनी शेवटपर्यंत लिहिल्या आहेत. बाकी चौघांनी मध्येच सोडल्या, त्यांत तक्त्यासाठी शाळा बुडवणारा मुलगाही आहे. त्याच्याशी मला पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात करावी लागेल.

त्या मुलीच्या वहीत: २९ एप्रिल, बाबांनी दिले ८४, बाकी ०. त्याखाली ३० एप्रिल, आईला बांगड्या, ४०.

सालदाराच्या मुलाने या वर्षीची उचल वडिलांबरोबर बसून लिहून काढली. आकडा मी वाचला नाही, त्यानेही पान झाकून धरलं होतं.

गल्ले फुटलेल्या सहा जणांपैकी चौघांचे पैसे पूर्ण परत आले. एकाचे वडील रोज उद्यावर टाकतात. सहावा तो, ज्याने पैसे कशाला गेले ते सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये त्याचं घर सुरतेला गेलं, कारखान्यात काम मिळालं म्हणून. दाखला न्यायला तो वडिलांबरोबर आला होता. पुस्तकं परत केली, वही दिली नाही. "ही माझ्याजवळच राहू द्या, मॅडम," म्हणाला, "अजून पासष्ट बाकी आहेत."